नाउमचा झिसिस

आमच्या गावची ब्रिगेड बंद होणार हे वर्तमानपत्रात यायच्या आधी बेकरीवाल्याला कळलं. छावणीची रोजची चारशे पावांची मागणी नव्वदवर आली, तेव्हाच तो मला म्हणाला, "मास्तर, यांनी गाशा गुंडाळायला घेतलाय."

दोन आठवड्यांनी छावणीतला मेजर वेर्गोस माझ्या दारात उभा राहिला. हातात अक्रोडांची पिशवी. काम सांगायला येणारा माणूस आमच्याकडे रिकाम्या हाताने येत नाही.

"मास्तर, शंभर वर्षांचा इतिहास आहे. चाळीस पानांत बसवायचा. येत्या अठ्ठावीस ऑक्टोबरला शेवटचं संचलन होईल, त्या दिवशी पुस्तिका वाटायची. गावात तुमच्याशिवाय कोण लिहिणार?"

"मी सहावीपर्यंतची मुलं शिकवली, मेजरसाहेब. मी इतिहासकार नाही."

"म्हणूनच आलो. सहावीच्या मुलाला कळेल असं लिहा. आमच्या वरच्या साहेबांनाही तेवढंच कळतं."

मी हसलो आणि हो म्हणालो. सदतीस वर्षं शिकवल्यावर माणसाला कोणी काही लिहून मागितलं की बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी दोन शिपाई नऊ खोकी माझ्या ओसरीत ठेवून गेले. कागदांना उंदरांचा आणि दमट कपड्यांचा वास होता.

इतिहास तसा सरळ होता. १९१३ साली आमच्या खोऱ्यातल्या मुलांची एक पलटण उभी राहिली. सहा वर्षांनी ती समुद्रापलीकडे आशिया मायनरच्या मोहिमेवर गेली. जाताना तीन हजार होते, परत आले ते अकराशे. त्यांच्या मागोमाग होड्यांत कोंबून आलेल्या निर्वासितांत माझे आजोबा-आजी होते. म्हणजे पलटण हरली नसती तर मी या गावात जन्मलोच नसतो. हे वाक्य मी पुस्तिकेत लिहिलं होतं, मेजरने काढलं. मग १९४० च्या अठ्ठावीस ऑक्टोबरला इटलीने मुलूख मागितला, आपण नाही म्हणालो आणि पलटण अल्बानियाच्या डोंगरांत चढली. तिथे गोळ्यांनी मेले त्याहून थंडीने जास्त मेले. पुढे यादवी आली, तीन वर्षं पलटण आपल्याच माणसांवर गोळ्या झाडत राहिली. त्यावर चार ओळींच्या वर लिहायचं नाही, असं मेजरने आधीच सांगितलं होतं. "दोन्हीकडची नातवंडं समोरच्या खुर्च्यांवर बसणार आहेत, मास्तर." त्यानंतर लढाई नाही. पलटणीची ब्रिगेड झाली, तंबूंच्या जागी बराकी आल्या आणि शेवटची पन्नास वर्षं पोरांनी तिथे बटाटे सोलले, पहारे दिले आणि आमच्या मुलींशी लग्नं केली.

छावणीच्या फाटकाशी एक संगमरवरी फळा आहे. त्यावर अल्बानियात पडलेल्या आमच्या भागातल्या त्रेसष्ट जणांची नावं कोरलेली आहेत. दर अठ्ठावीस ऑक्टोबरला तिथे मेलेल्यांची हजेरी होते. अधिकारी नाव पुकारतो आणि सहावीतलं एकेक मूल त्या मेलेल्या माणसाच्या वतीने म्हणतं, "हजर!" ही रीत मी मास्तर व्हायच्या आधीपासूनची. पण मुलांना शिकवून तयार करायचं काम माझ्याकडे सदतीस वर्षं होतं. निवृत्त झाल्यावरही नव्या बाई मलाच बोलावतात.

माझा त्यात एक नियम होता. वडिलांच्या नावासकट पुकारलं तरच उत्तर द्यायचं. आमच्याकडे पहिल्या मुलाला त्याच्या आजोबांचं नाव ठेवतात. आजोबांना चार मुलगे असतील तर चौघांच्याही पहिल्या पोराला तेच नाव, तेच आडनाव. एका अंगणात चार सारखी नावं खेळत असतात. कोण कोणता ते बापाच्या नावावरून ओळखायचं. म्हणून मी मुलांना सांगायचो, "बापाचं नाव नाही तर माणूस अर्धा. अर्ध्या माणसाला हजर म्हणायचं नाही. गप्प उभं राहायचं."

मुलांना हा नियम फार आवडायचा. मोठ्या माणसाला गप्प राहून अडवता येतं, हे त्यांना दुसरं कुठे शिकवतात?

फळ्यावर एक नाव होतं, आर्गिरिसचा झिसिस त्सिओलास. आणि फळ्यावर नसलेलं, पण गावाला पाठ असलेलं दुसरं नाव होतं, नाउमचा झिसिस त्सिओलास. दोघे सख्खे चुलतभाऊ, एकाच आजोबांच्या नावाचे, एकाच तुकडीतले. आर्गिरिसचा झिसिस शत्रूवरच्या हल्ल्यात पडला. नाउमचा झिसिस पहाऱ्याची जागा सोडून पळाला, पकडला गेला आणि त्याला आपल्याच पलटणीने उभं करून गोळ्या घातल्या. असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो.

आर्गिरिसच्या झिसिसच्या विधवेला सरकारने चौकात टपरी चालवायचा परवाना दिला. लढाईत मेलेल्यांच्या घरच्यांना तसे परवाने मिळत. टपरीतून दोन ट्रक झाले, ट्रकांतून पेट्रोलपंप झाला. नाउमच्या झिसिसच्या विधवेला काहीच मिळालं नाही. ती छावणीतले कपडे धुवायची, नवऱ्याला मारणाऱ्या पलटणीचेच. तिची एकुलती मुलगी एवान्थिया. माझ्याच वयाची. आम्ही एका वर्गात होतो. खेळात सैनिक-सैनिक करताना तिला कायम पळून जाणारा व्हायला लावायचे, आणि ती निमूट पळायची.

पुढे मी मास्तर झालो तेव्हा शाळेत झाडलोटीला बाई हवी होती. मी एवान्थियाचं नाव सुचवलं. काही पालक कुरकुरले, मी ऐकून घेतलं नाही. याचा मला बरीच वर्षं अभिमान होता. चौतीस वर्षं तिने माझा वर्ग झाडला. आणि चौतीस वर्षं, दर अठ्ठावीस ऑक्टोबरला, ती फाटकाच्या खांबाशी उभी राहून माझी मुलं तिच्या चुलतकाकाच्या नावाने हजर म्हणताना ऐकत होती.

सहाव्या खोक्यात मला पलटणीच्या पाद्रीबाबांची वही सापडली. तळहाताएवढी, मुखपृष्ठावर मेण सांडलेलं. कोणाला अंतिम संस्कार दिले, कोण काय म्हणालं, एवढंच त्यात. जानेवारी १९४१ च्या एका पानावर लिहिलं होतं :

"पहाटे. झिसिस त्सिओलास, याला उजाडता गोळ्या घालणार. कबुली ऐकली. म्हणतो, चुलतभाऊ जखमी होऊन बर्फात पडला होता, हाका मारत होता, त्याला आणायला खाली उतरलो. कोणी विश्वास ठेवला नाही. मी ठेवला, पण मला कोण विचारतो. घरी बायको आणि दोन वर्षांचा एक मुलगा, आर्गिरिस. पायातले लोकरी मोजे काढून माझ्या हातात दिले. म्हणाला, भाऊ सापडला तर त्याला घाला, त्याचे ओले होते. दुपारी भाऊ सापडला. मोजे घालून पुरला."

मी ते पान दोनदा वाचलं. मग उठून पाणी प्यायलो आणि तिसऱ्यांदा वाचलं.

दुसऱ्या कोणा देशातल्या माणसाच्या हातात हे पान आलं असतं तर तो एक उसासा सोडून पुढचं पान उलटून मोकळा झाला असता. आमच्याकडच्या माणसाला एक शब्द पुरतो. मुलाचं नाव आर्गिरिस. ज्याच्या बापाचं नाव नाउम, तो आपल्या पहिल्या मुलाचं नाव आर्गिरिस कधीही ठेवणार नाही. बाप जिवंत असताना तर नाहीच, बापाने घरात घेतलं नसतं. आणि नाउमच्या झिसिसला मुलगा नव्हताच. त्याला एवान्थिया होती.

म्हणजे गोळ्या घातल्या त्या आर्गिरिसच्या झिसिसला. आणि हल्ल्यात पडून रात्रभर बर्फात हाका मारत मेला तो नाउमचा.

पुढच्या दोन कागदांवरून बाकीचं जुळलं. एकाच आठवड्यात दोन झिसिस त्सिओलास मेल्याची नोंद पलटणीच्या कारकुनाला करायची होती. एक मानाचा, एक अपमानाचा. वडिलांची नावं लावताना त्याने उलटापालट केली. त्या तुकडीतले आमच्या गावचे आणखी चौघे होते, ते सांगू शकले असते. ते पुढच्या पंधरवड्यात गेले. मग कारकुनाचा कागद गावी आला. गावाने त्यावरून टपरी दिली, कपडे धुवायला लावले, फळा कोरला, आणि मी बहात्तरपैकी सदतीस वर्षं मुलांकडून तो पाठ करून घेतला.

एवान्थिया अंगणात डाळिंब सोलत बसली होती. मी वही तिच्यापुढे धरली. तिला चष्मा लागतो, तो तिने आणला नाही.

"तुम्हीच वाचा, मास्तर. मुलांना वाचता तसं."

मी वाचलं. मुलाच्या नावापाशी थांबलो. तिला समजावून सांगायची गरज नव्हती. तिचा हात डाळिंबावर थांबला.

"परत वाचा. मोज्यांचं."

मी परत वाचलं.

डाळिंब बाजूला ठेवून ती म्हणाली, "आई दर वर्षी माझ्या बापासाठी गहू उकडायची. मेलेल्यांच्या नावाने वाटायला सगळेच उकडतात, पण लोक चर्चमध्ये नेतात. आई दार लावून उकडायची. आम्ही दोघीच खायचो. ती म्हणायची, भित्र्यालाही देव क्षमा करतो. शेवटपर्यंत तिने असंच म्हटलं, मास्तर. माझा बाप भित्रा होता असं मानून ती गेली."

मी म्हणालो, "या वेळी शेवटची हजेरी आहे. नाउमचा झिसिस पुकारला जाईल. मी यादीत घालतो. यादी माझ्याच हातात आहे."

"आणि त्या दुसऱ्याचं काय कराल?"

"तोही राहील. त्याने काही गुन्हा केला नव्हता. भावासाठी उतरला होता."

"राहू दे," ती म्हणाली. "मोजे त्याने दिले." मग माझ्याकडे नीट बघून, "शब्द देताय?"

"देतो."

"मग मी गहू उकडते. मोठ्या परातीत. चारचौघांत नेते."

आता दुसऱ्या घरी सांगणं भाग होतं. आर्गिरिसच्या झिसिसचा नातूही रीतीप्रमाणे झिसिसच. माझाच विद्यार्थी. आता पेट्रोलपंपाचा मालक आणि उपनगराध्यक्ष. चौकातली टपरी त्याने मुद्दाम ठेवली आहे. तिच्यात वर्तमानपत्रांच्या वर आजोबांचा गणवेशातला फोटो आहे. छावणी बंद झाल्यावर फळा उचलून चौकात, टपरीच्या समोर बसवायचा ठरावही त्यानेच मांडला होता.

"या मास्तर, बसा. कॉफी सांगू? कमी साखर, आठवतंय मला."

मी वही उघडली. त्याने स्वतः वाचलं. हळूहळू वाचलं, शाळेत वाचायचा तसंच, ओठ हलवत. मग वही मिटून माझ्यापुढे सरकवली.

"माझ्या आजोबांना दुसऱ्यांदा गोळ्या घालायला निघालात तुम्ही."

"तसं नाही रे. ते भित्रे नव्हते. भावाला आणायला गेले होते. हे जास्त मोठं नाही का?"

"तुमच्या वर्गात मोठं असेल. चौकात नाही." तो फोटोकडे बघत होता. "गावातलं कोण अख्खं पान वाचतं, मास्तर? लोक दोनच शब्द वाचतील. गोळ्या घातल्या. झालं. उद्यापासून माझी पोरं शाळेत जातील आणि कोणीतरी म्हणेल, तू पळ."

"एवान्थिया पळतच होती की. सगळं लहानपण."

तो लालबुंद झाला. "मग? तिची पाळी झाली, आता माझ्या पोरांची? हा तुमचा न्याय? मला सहावीत तुम्हीच उभं केलं होतंत, आजोबांच्या नावासाठी. मी हजर म्हणालो आणि तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवलात. आता सांगता, चुकीच्या माणसासाठी ओरडलास."

"हो," मी म्हणालो. "मी चुकीचं शिकवलं. म्हणूनच आलोय."

"कॉफी गार होतेय," तो म्हणाला आणि फोन उचलला.

मी शाळेत गेलो. माझ्या काळी सहावीत तीस-पस्तीस मुलं असायची. आता अकरा आहेत. त्यामुळे एकेका मुलाच्या वाट्याला पाच-सहा मेलेले येतात. नव्या यादीत मी चौसष्ट नावं लिहिली. आर्गिरिसचा आणि नाउमचा, दोन्ही झिसिस मी मिर्सिनीला दिले. ती बेकरीवाल्याची नात, आवाज खणखणीत.

"मास्तर, हा नाउमचा फळ्यावर नाही," ती लगेच म्हणाली. "मी रोज तिथून सायकलने जाते."

"फळ्यावर राहून गेला."

"मोठी माणसं पण विसरतात?"

"विसरतात. म्हणून तू मोठ्याने म्हण."

"आणि बापाचं नाव नाही घेतलं तर?"

"तर काय करायचं?" मी सगळ्यांना विचारलं.

"गप्प उभं राहायचं!" अकराही जण ओरडले.

सत्तावीस तारखेला संध्याकाळी मेजरने बोलावून घेतलं. त्याच्या खोलीतल्या भिंतीवर नकाशे काढल्याचे पांढरे चौकोन उरले होते. टेबलावर माझी यादी होती आणि पुस्तिकांचे गठ्ठे, छापून आलेले.

"बसा, मास्तर. उपनगराध्यक्ष येऊन गेले. मी वही वाचली, माझ्या मते तुमचं बरोबर आहे." तो खरंच दमलेला दिसत होता. "पण तो निकाल लष्करी न्यायालयाचा आहे. तो मी फिरवू शकत नाही. त्यासाठी वर अर्ज, चौकशी, दोन-तीन वर्षं. आणि परवापासून ही ब्रिगेडच नाही. अर्ज करायचा कोणी, बराकींनी?"

"मग उद्या?"

"उद्यासाठी मी मार्ग काढलाय." त्याने पुस्तिका उघडून पान दाखवलं. त्रेसष्ट नावं. बाकी सगळ्यांना वडिलांचं नाव होतं. एका ओळीत नुसतं होतं, झिसिस त्सिओलास. "बापाचं नावच घ्यायचं नाही. ज्याने त्याने आपापला समजावा. एवान्थियाबाई ऐकतील, त्यांना वाटेल आपला. उपनगराध्यक्ष ऐकतील, त्यांना वाटेल आपला. कोणाचं मन दुखायला नको."

मी पानाकडे बघत राहिलो. म्हणायला पुष्कळ होतं. यादी मी केली होती, शब्द मी दिला होता. मी म्हणू शकलो असतो, मग मुलं उद्या येणार नाहीत. मुलांशिवाय हजेरी होत नाही, हे मेजरलाही माहीत होतं. पण वरचे साहेब यायचे होते, खुर्च्या मांडून झाल्या होत्या, पुस्तिकेवर खाली माझं नाव छापलेलं होतं. ठळक अक्षरांत. मी त्या नावाकडे दोनदा पाहिलं, हेही सांगून टाकतो.

मी गप्प बसलो. वर्गात गप्प बसलेल्या मुलाला समजलं आहे असं धरून कधी पुढे जाऊ नये, हे मी नव्या शिक्षकांना सांगत आलो. मेजरने धरलं आणि माझा हात दाबला.

"आभारी आहे, मास्तर. मला वाटलं होतं तुम्ही अडून बसाल."

परतताना एवान्थियाच्या खिडकीत दिवा होता. उकडलेल्या गव्हाचा आणि दालचिनीचा वास रस्त्यापर्यंत येत होता. मी दार वाजवलं नाही. मिर्सिनीच्या घरीही गेलो नाही.

सकाळी आकाश स्वच्छ होतं. बँड वाजला, वरच्या साहेबांचं भाषण झालं. शंभर वर्षांचा तेजस्वी इतिहास, असं ते सात वेळा म्हणाले. ब्रिगेडचा ध्वज शेवटचा फडकत होता. अकरा मुलं निळ्या-पांढऱ्या कपड्यांत फळ्यासमोर ओळीने उभी होती. उपनगराध्यक्ष पहिल्या रांगेत. एवान्थिया खांबाशी नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा ती पुढे उभी होती, काळ्या पोशाखात, हातात परात. गव्हावर पांढरी साखर दाबून बसवलेली, कडेने डाळिंबाचे दाणे, मधोमध सोललेल्या बदामांनी बापाचं आणि आज्याचं नाव. झिसिस, नाउमचा. चर्चच्या पाद्रीबाबांनी परातीवर प्रार्थना म्हटली. उपनगराध्यक्षाने बदामांकडे पाहिलं आणि मान फिरवली.

हजेरी सुरू झाली. मेजरचा आवाज चांगला होता. नाव, आडनाव, बापाचं नाव. हजर. हजर. हजर. मागच्या टेकडीवरून प्रत्येक हजर परत येत होतं.

"झिसिस त्सिओलास."

मेजर थांबला. पुढचं काही नव्हतं.

मिर्सिनी गप्प उभी राहिली.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग लोक माना उंचावून बघायला लागले. तिच्या शेजारच्या मुलाने तिला कोपर मारलं. ती हलली नाही. हात मांड्यांशी चिकटवून, हनुवटी वर, मी शिकवलं होतं अगदी तशी. मेजरने घसा खाकरला.

"झिसिस त्सिओलास."

टेकडीवरून तेच नाव परत आलं, अर्धं. वरच्या साहेबांनी मेजरकडे पाहिलं. मेजरने माझ्याकडे. आणि मग मिर्सिनीनेही डोळे वळवून माझ्याकडे पाहिलं. ती घाबरली नव्हती. ती वाट बघत होती. तिचा मास्तर आता पुढे येऊन बापाचं नाव सांगेल, याची तिला खात्री होती. एवान्थियाही माझ्याकडेच बघत होती. एकच शब्द होता. नाउमचा. मी बसल्या जागेवरून म्हटला असता तरी ऐकू गेला असता, इतकी शांतता होती.

मी मिर्सिनीकडे बघून मान हलवली. म्हण, म्हटलं, डोळ्यांनीच.

तिच्या कपाळाला आठी पडली.

"हजर," ती म्हणाली. खणखणीत नाही. टेकडीपर्यंत ते गेलंच नाही.

पुढचं नाव आलं.

ध्वज उतरवून घडी करून पेटीत ठेवला. वरच्या साहेबांची गाडी गेली. मग रीतीप्रमाणे एवान्थिया परात घेऊन फिरायला लागली. एकेकाच्या हातात कागदाची पुडी, त्यात मूठभर गहू. मेजरला दिली. त्याने टाचा जुळवून घेतली. मग ती उपनगराध्यक्षापुढे थांबली. मला वाटलं आता काहीतरी बोलणार. ती म्हणाली, "घे बाळा. तुझ्या आजोबांनी माझ्या बापाला मोजे दिले." त्याने पुडी घेतली.

बेकरीवाल्याला दिली, पाद्रीबाबांना दिली, सामान भरायला थांबलेल्या शिपायांना दिली. त्यातल्या एकाने आणखी मागितली, त्याला दोन दिल्या. मग माझ्या रांगेत आली. माझ्या उजवीकडच्या बाईंना दिली. मी हात पुढे केला होता. ती माझ्यासमोर थांबली, साधारण फळा पुसायला लागतो तेवढा वेळ.

"बहात्तर वर्षं गाव वाईट कोणता ते बापाच्या नावावरून सांगत होतं, मास्तर," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, शाळा सुटल्यावर किल्ल्या देताना बोलायची तसाच होता. "चांगलं म्हणायची वेळ आली, तेव्हा बापाचं नाव कापलंत."

आणि माझ्या डावीकडच्या माणसाला पुडी देऊन पुढे गेली.

माणसं पांगली. फळ्याभोवती दोऱ्या बांधायला क्रेनवाला आला. मी खुर्चीतच बसलो होतो. मिर्सिनी सायकल ढकलत आली, तोंड गव्हाने भरलेलं.

"मास्तर, तुम्हाला नाही मिळालं?"

"नाही."

"माझ्यातलं घ्या. पण एवान्थियाबाई म्हणाल्या, खाताना ज्याच्यासाठी उकडलेत त्याचं नाव घ्यायचं आणि देव त्याला क्षमा करो म्हणायचं. नाहीतर चालत नाही." तिने पुडी पुढे केली. "कोणाचं घ्यायचं, माहितीय ना?"

"नाउमच्या झिसिसचं," मी म्हणालो.

"बाईंनीही तेच सांगितलं." ती थोडा वेळ चावत राहिली. "मग मगाशी का नाही सांगितलंत?"